१९९४ ची जिप्सी भोरच्या गोठ्यात उभी आहे, सुरुवात कुठून करू?

चिखलप्रेमी:

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझ्या थोरल्या काकांची जिप्सी आहे, १९९४ ची, एमजी४१०डब्ल्यू म्हणजे वाइड ट्रॅकवाली, ९७० सीसीचं कार्बोरेटर इंजिन, सॉफ्ट टॉप, एमएच १२ पासिंग. काका जायच्या आधीपासूनच ती भोरच्या शेतावर गोठ्याच्या पडवीत उभी आहे, कित्येक वर्षांत कुणी किल्ली फिरवलेली नाही. चुलतभावाला नकोय, म्हणतो भंगारवाला बघून गेलाय, तू नेत असशील तर ने नाहीतर दिवाळीआधी देऊन टाकतो. काकू म्हणतात ने पण विकू नकोस. एकूण काय तर माझ्या गळ्यात पडलीये, आणि आतून मला हवीच होती.

मागच्या रविवारी जाऊन नीट बघून आलो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गेलाय, मॅट उचललं की खालची जमीन दिसते. काचेच्या फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रंग फुगलाय, बोटाने दाबलं की कुरकुर वाजून पापुद्रे हातात येतात. चासी (खालचा लोखंडी सांगाडा) वरवर ठीक वाटली पण काका दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारायचे, त्यामुळे सगळं काळंकुट्ट, त्याखाली काय आहे देव जाणे. उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीस आणि तेलाचा चिकट थर. ब्रेक पेडल दबतच नाही. डॅशखालचं वायरिंग उंदरांनी खाल्लंय. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वासच नाही, वॉर्निशचा भपकारा आला.

आता गोंधळ असा की दोन गॅरेजवाल्यांना फोटो दाखवले. एकाचं म्हणणं बॉडी चासीवरून उचलायची, सगळी नटबोल्ट सुटी करायची, पेंट, नवीन सीट, साडेतीन लाख आणि चार महिने. दुसरा म्हणतो हे ९७० इंजिन फेकून द्या, माझ्याकडे जिप्सी किंगचं १३०० सीसीचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवालं इंजिन पडलंय ते बसवतो, मग बघा कशी पळते. मला यातलं काहीच कळत नाही असं नाही, ब्रेक शू बदलणं, प्लग, कार्बोरेटर उघडून साफ करणं एवढं मी बाइकवर आणि जुन्या मारुती ८०० वर केलेलं आहे, पण एवढं मोठं काम कधी अंगावर घेतलेलं नाही. बजेट साडेतीन लाख तर नाहीच नाही. सिंहगड रोडला सोसायटीत राहतो, पार्किंग एकच, आणि चेअरमन आत्तापासूनच विचारतायत की "ती" येणार आहे का.

शोपीस नकोय. पावसाळ्यात ताम्हिणी, वरंधा, मुळशीच्या कच्च्या रस्त्यांवर पोराबाळांसकट नेता यायला हवी आणि येताना स्वतःच्या चाकांवर परत यायला हवी, बास. तर आधी काय करू? इंजिन, पत्रा, की कागद? आणि तिला भोरहून आणायची कशी?

---

जुनाट_जीप:

आधी अभिनंदन. वाइड ट्रॅक ९३ मध्ये आली, त्याआधीच्या अरुंद जिप्सीपेक्षा वळणावर बरीच स्थिर, त्यामुळे गाडी चांगली मिळालीये तुम्हाला.

आता साडेतीन लाखवाल्याबद्दल. सगळं एकदम सोडू नका. कितीही मोह झाला तरी नाही. जी गाडी एकदम पूर्ण सुटी होते त्यातल्या निम्म्या पुन्हा उभ्याच राहत नाहीत, पुण्यात कुठल्याही जुन्या गॅरेजच्या मागच्या अंगणात जाऊन बघा, टबमध्ये पिंप भरलेली, चासी भिंतीला टेकवलेली, आणि मालक फोन उचलत नाही. काम नेहमी असं ठेवायचं की महिन्याभरात गाडी पुन्हा चार चाकांवर हलली पाहिजे. एका वेळी एकच भाग उघडायचा, तो पूर्ण करून बंद करायचा, मग पुढचा.

आणि क्रम म्हणाल तर रंग सगळ्यात शेवटी. लोक आधी कळस मग पाया करतात. पहिली चासी, मग थांबणं, मग वळणं, मग चालणं. इंजिन चौथ्या नंबरवर आहे हे लक्षात घ्या, कारण ९७० चं एफ१०ए इंजिन साधं आणि दणकट आहे, ते सहसा मरत नाही, मरते ती चासी.

चासी तपासायला गॅरेज लागत नाही. रॉकेल किंवा डिझेल, तारेचा ब्रश आणि जुनी स्क्रॅपर पट्टी घेऊन काळा थर काढा, अख्खा नाही, महत्त्वाच्या जागी. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे जोडकड्या, जिथे चासीला लागतात ती जागा, शेवटचा आडवा मेंबर, बॉडी माउंटचे बाहेर आलेले हात, आणि पुढच्या चाकाच्या लगेच मागचा भाग जिथे चाक सगळा चिखल फेकतं. मग छोटी हातोडी घेऊन गोल टोकाने हलकेच ठोकत जायचं. चांगला पत्रा टण वाजतो. सडलेला भद्द आवाज करतो आणि कधीकधी हातोडी आतच जाते. चासी बॉक्स सेक्शन, म्हणजे आतून पोकळ असल्यामुळे गंज आतून येतो, भोकांतून चिखल आत जाऊन बसतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि मग बाहेरून रंग शाबूत असताना आतून चाळण झालेली असते. काकांनी जळकं ऑइल मारलं म्हणून बाहेरची बाजू वाचली असेल, आतली वाचलीच असेल असं नाही.

एक फार महत्त्वाचं. चासीवर ठोकलेला नंबर शोधा, ब्रशने हलक्या हाताने साफ करा, आरसीवरच्या नंबरशी अक्षर न अक्षर ताडून बघा आणि लगेच त्यावर ग्रीस लावून टेप मारा. सँडब्लास्टिंगवाल्याने किंवा ग्राइंडरवाल्याने तो नंबर घासला तर पुढे आरटीओत काय होईल ते मी सांगायला नको.

शॅकलची जागा आणि सगळे मेंबर ठणठणीत निघाले तर बॉडी उचलायची गरजच नाही. फुटवेल (पायाखालचा पत्रा) आणि काचेची फ्रेम बॉडी जागेवर ठेवून होते. चासी गेली असेल तर मात्र तिथेच थांबा, रंगाचा, इंजिनाचा विचारही करू नका, आधी तिचं काय करायचं ते ठरवा.

आणायची फ्लॅटबेडवर. ब्रेक नसलेली गाडी दोरी बांधून घाटातून ओढायचा सल्ला कोणी दिला तर त्याला स्टिअरिंगवर बसवा.

---

टकाटक_टोपे:

एवढ्या कुटाण्यात जुनी जिम्नी येईल हो सेकंडहँड. एसी, एअरबॅग, सगळं. सहज सुचलं.

---

घाटवाली:

@टकाटक_टोपे, जिम्नीवर माझं प्रेम आहे पण त्या किमतीत येत नाही आणि ती काकांची नाही. विषय संपला.

चिखलप्रेमी, १३०० च्या स्वॅपबद्दल बोलते कारण हा सल्ला पुण्यात प्रत्येक जिप्सीवाल्याला एकदा तरी मिळतोच. ९७० ला ४५ च्या आसपास हॉर्सपॉवर, किंगच्या एमपीएफआयला ८०, कागदावर मोहात पडण्यासारखं आहे. पण एमपीएफआय म्हणजे नुसतं इंजिन नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वेगळं हार्नेस (वायरिंगचा जुडगा), हाय प्रेशर फ्युएल पंप, त्यासाठी टाकीत बदल, सायलेन्सर लाइन, गिअरबॉक्स ४ चा ५ गिअर, त्यानुसार प्रॉपेलर शाफ्टची लांबी, माउंट वेल्ड करणं. आणि हे सगळं तुमच्याकडे उंदरांनी खाल्लेल्या वायरिंगवर चढवायचं. वर कागदाचा भाग आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीवर जे आहे त्यापेक्षा वेगळं काही करायला आधी परवानगी लागते आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ स्पेसिफिकेशन बदलण्याबद्दल कडक भूमिका घेतली आहे. उद्या अपघात झाला आणि इंजिन नंबर जुळला नाही तर विम्यावाला हात वर करणार.

आणि मुख्य मुद्दा, ९७० ला घाईच नसते. लो रेंजमध्ये (फोर व्हीलच्या हळू पण ताकदीच्या गिअरमध्ये) टाकलं की ते चढतं, हळू चढतं, पण चढतं. ताम्हिणीत तुम्हाला ८० हॉर्सपॉवर वापरायला जागा तरी कुठे आहे, शनिवार-रविवारी सगळं मुंबई-पुणे तिथे भजी खात उभं असतं. एक्सप्रेसवेवर १०० ने जायचं असेल तर ही गाडीच नाही तुमची.

एक करा मात्र, टायर मोठे टाकू नका. ९७० ला मोठे टायर म्हणजे तिसऱ्या गिअरमध्येच जीव जातो, ब्रेकही कमी वाटतात. स्टॉक साइजच्या जवळपासचा चांगल्या ग्रिपचा १५ इंची टायर पुरतो. आत्ताचे टायर दिसायला बरे असले तरी बघा, बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, २३११ असेल तर २०११ चा तेविसावा आठवडा. असले टायर गोठ्यातून बाहेर काढण्यापुरतेच.

---

पत्राठोक:

पत्र्याचं मी बोलतो, माझा घरचाच धंदा.

फुटवेलला लोक काय करतात, गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा टाकतात, कडेने चार टाके मारतात, वर लांबी (पुटी) आणि अंडरकोट. एका पावसाळ्यात दोन पत्र्यांच्या मधे पाणी जातं आणि जुन्यापेक्षा वाईट सडतं. गंज कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचं, तेवढाच तुकडा बनवायचा, काठाला काठ लावून मिग वेल्डिंगने टाके मारायचे, एका दमात लांब वेल्ड ओढायची नाही नाहीतर पत्रा पिळतो. एक इथे एक तिथे, मधे थंड होऊ द्यायचं. गॅस वेल्डिंगवाला मिस्त्री असेल तर या कामाला नको, फार गरम होतं. नंतर ग्राइंड, एपॉक्सी प्रायमर दोन्ही बाजूंनी, जोडाला सीम सीलर. लांबी शेवटी आणि कागदासारखी पातळ. जाड लांबी ताम्हिणीच्या पहिल्या खड्ड्यात तडकते.

काचेच्या फ्रेमचं काम कुणीही सांगतं त्यापेक्षा मोठं निघतं हे आत्ताच सांगून ठेवतो. बाहेर रुपयाएवढा फुगा दिसतो, आत वीतभर गेलेलं असतं. काच आणि रबर काढूनच करा. चांगली फ्रेम जुन्या मालात मिळाली तर कापाकापी करूच नका, बदलून टाका. मंगळवार पेठेत विचारत राहायचं, बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायची, नशीब लागतं. जिप्सीचे पॅनल दिल्लीला काश्मीरी गेटला नवे बनवलेले मिळतात, ट्रान्सपोर्टने येतात, पण पत्रा पातळ असतो आणि भोकं जुळत नाहीत, हातोडी लागतेच.

जळक्या ऑइलचं काकांचं जुन्या लोकांचं शहाणपण आहे, वाईट नाही. पण ते पाट्यांच्या बुशवर, बॉडी माउंटच्या रबरावर, ब्रेकच्या होजवर बसलं की रबर फुगून मऊ होतं. वेल्डिंगच्या आधी सगळं धुवून काढा, नाहीतर धूर तर होईलच, पेट पण घेईल. टाकी उतरवल्याशिवाय मागच्या बाजूला वेल्डिंग करायचं नाही, कोणी कितीही म्हणू दे की ओलं फडकं लावतो.

---

जुनाट_जीप:

पत्राठोक बरोबर बोलले, फक्त जळक्या ऑइलवर माझा थोडा वेगळा पक्ष आहे. बाहेरून मारू नका, पण बॉक्सच्या आत भोकांतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, नाहीच मिळालं तर पातळ केलेलं ग्रीस, आणि आधी पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा. आत मारलेलं आतच राहतं, रबराला लागत नाही. भोरला जो पाऊस पडतो त्यात ती गाडी टिकली ती काकांच्या त्या सवयीमुळेच, हे विसरू नका.

---

नियम_कानून:

कागदांचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून. मी एजंट नाही, फक्त हे सगळं वडिलांच्या गाडीसाठी केलंय.

आरसी काकांच्या नावावर आणि काका हयात नाहीत, म्हणजे नेहमीचा फॉर्म २९-३० नाही, वारसाहक्काने हस्तांतरणाचा फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, वारसांचं संमतीपत्र, म्हणजे काकू आणि चुलतभाऊ दोघांच्या सह्या आत्ताच घ्या, भंगारवाल्याचा विषय संपायच्या आधी. नियमाने हे मालक गेल्यापासून तीन महिन्यांत करायचं असतं, तुमचं कधीच उलटून गेलंय, दंड लागेल, पण होतं.

मग १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५. ते केलेलं होतं का ते आरसीवर बघा, केलं असेल तरी दर ५ वर्षांनी पुन्हा असतं. २०२२ पासून फी ५ हजार होती, ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या चारचाकीला १० हजार झाली. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा, पीयूसी, नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. हे सगळं धरून बजेट करा, लोक फक्त पत्रा आणि इंजिन धरतात.

दोन गैरसमज आधीच काढतो. १० वर्षं डिझेल १५ वर्षं पेट्रोलची बंदी दिल्ली एनसीआरची आहे, आपल्याकडे केवळ वयावरून खासगी गाडी भंगारात काढत नाहीत, तपासणीत पास झाली पाहिजे. आणि व्हिंटेज नोंदणीच्या भानगडीत पडू नका, त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात, १९९४ ची गाडी २०४४ ला बसेल, आणि व्हिंटेज झाली की रोज चालवताही येत नाही.

संगम पुलाजवळच्या ऑफिसात जायच्या आधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा, जुन्या गाड्यांची नोंद कधीकधी ऑनलाइन चढलेलीच नसते, मग ती चढवून घेणं हेच पहिलं काम. आणि हो, काकांनी कर्ज काढून घेतली असेल तर आरसीवर बँकेचा बोजा अजून असेल, एनओसी शोधा. यात जितके दिवस जातात तितके पत्र्यात जात नाहीत, म्हणून दोन्ही एकदम चालू करा.

---

चिखलप्रेमी:

बाप रे, सगळ्यांचे आभार. आजच काकूंना फोन केला, आरसी बुक सापडलंय, बोजा नाही, नूतनीकरण एकदा झालेलं आहे पण संपलंय. चुलतभाऊ सही द्यायला तयार.

स्वॅप कॅन्सल. साडेतीन लाखवाल्यालाही नको म्हणून सांगितलं. चासी पुढच्या आठवड्यात ठोकून बघतो आणि इथे सांगतो. दोन शंका, एक, इंजिन पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यायची, आणि दोन, त्या उजव्या चाकाच्या आतल्या तेलाचं काय?

---

नानापेठी:

इंजिन आधी. बॅटरी लावून किल्ली फिरवायची नाही, हे पहिलं. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा, गाडी न्यूट्रलला. सहज फिरलं तर उत्तम. अडलं तर जोर लावू नका, अजून ऑइल, अजून दोन दिवस. टायमिंग बेल्ट आहे या इंजिनाला, साखळी नाही, आणि रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, तेव्हा बेल्ट आणि टेन्शनर चालू करायच्या आधीच बदला, नंतर बघू म्हणू नका. वॉटर पंप त्याच हाती लागतो, त्याचं बेअरिंग हलवून बघा. ऑइल, फिल्टर, कूलंट नवं.

टाकीतलं पेट्रोल विसरा. टाकी उतरवायची आहेच, तोपर्यंत बाटलीतून थेट कार्बोरेटरला नळी द्या. कार्बोरेटर पूर्ण उघडा, जेट तारेने टोकरू नका, कार्ब क्लीनर आणि हवा. पेट्रोलच्या मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) नक्की बघा, तो फाटला की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. डिपस्टिक काढून वास घ्यायची सवय लावा.

आणि आता सगळीकडे ई२० पेट्रोल आहे, ही गाडी त्या काळची नाही. २० टक्के इथेनॉलने तीन गोष्टी होतात. जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात, भेगा जातात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते सांगायला नको. नाना पेठेत नळी घेताना नुसतं "पेट्रोल पाइप द्या" म्हणू नका, एसएई जे३० आर९ असं छापलेली मागा, दुकानदार दोनदा बघेल पण देईल. पंपाची आणि कार्बोरेटरची किट व्हायटॉनची (इथेनॉल सोसणाऱ्या रबराची) मिळाली तर तीच. दुसरं, इथेनॉल टाकीतला जुना थर आणि गंज सोडवतं, तो सगळा फिल्टरमध्ये येतो, म्हणून सुरुवातीला पारदर्शक फिल्टर लावा, घाण डोळ्यांना दिसते. तिसरं, कार्बोरेटरला स्वतःहून मिश्रण बदलता येत नाही, ते लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, थंड असताना गचके देते. मिक्श्चर स्क्रू थोडा सोडून बघायचा, तरी भागलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा. प्लग काढून रंग बघा, पांढरा फटक असेल तर लीन.

इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, दर पंधरवड्याला नुसती चालू नाही, चांगली तासभर फिरवून आणा. शिशाच्या पेट्रोलची काळजी काही लोक करतात, ते २००० लाच बंद झालं, या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, व्हॉल्व्ह सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, टॅपेट क्लिअरन्स वेळच्या वेळी बघितला की पुरे.

---

घाटवाली:

चाकाच्या तेलाचं मी सांगते, कारण जिप्सीचा हाच भाग लोक दुर्लक्षित ठेवतात आणि मग स्टिअरिंग थरथरतंय म्हणून अलाइनमेंटवर पैसे घालत बसतात.

पुढच्या ॲक्सलच्या टोकाला जो मोठा गोळा दिसतो तो नकल, त्यावर चाक वळतं. त्याच्या आत सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा) ग्रीसमध्ये बसलेला असतो. ॲक्सलच्या नळीत एक ऑइल सील असतं, ते डिफरन्शियलचं (ॲक्सलवरच्या गिअरच्या डब्याचं) तेल आत अडवतं. ते गेलं की तेल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ होतं आणि गोळ्याच्या मागच्या सीलमधून बाहेर गळतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. म्हणजे बाहेरचं सील बदलून उपयोग नाही, आतलं बदलायलाच हवं, आणि डिफमध्ये तेल उरलंय का तेही बघा.

उघडणारच आहात तर किंगपिनची, म्हणजे नकल ज्यांवर वळतो त्या खिळ्यांची, वरची-खालची बेअरिंग त्याच वेळी बदला. चाक जॅकवर घेऊन वर आणि खाली धरून हलवा, खडखड जाणवली की तीच. किंवा चाकाचं बेअरिंग, म्हणून एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावरही खडखड राहिली तर किंगपिन. (तुमचा ब्रेक आधी सुधारल्यावर, अर्थात.) बेअरिंग घट्ट किती ते खालच्या-वरच्या शिमवर, म्हणजे पातळ चकत्यांवर ठरतं. गोळ्याचं सील काढलेलं असताना टाय रॉडच्या भोकात साधा स्प्रिंग बॅलन्स, आपल्या रद्दीवाल्याकडे असतो तो, अडकवून ओढायचा. १ ते १.८ किलोच्या दरम्यान नकल वळायला लागला पाहिजे. त्यापेक्षा हलका फिरला तर शिम कमी करायची. ढिलं राहिलं की साठच्या पुढे खड्डा लागला की स्टिअरिंग असं नाचतं की हातात धरवत नाही.

ग्रीस भरताना जुनं सगळं रॉकेलने धुवून, नवीन मॉलिब्डेनमवालं. आणि गिअरबॉक्समध्ये जीएल-४, डिफमध्ये जीएल-५ ऑइल, एकच डबा दोन्हीकडे ओतू नका, जीएल-५ ने गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोला त्रास होतो.

अजून एक जिप्सीचं खास. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, वेगळी टांगलेली असते तीन रबरी माउंटवर, मधे छोटा शाफ्ट. जळक्या ऑइलने ती रबरं नक्की फुगली असतील. ती लटकली की छोट्या शाफ्टचा कोन बिघडतो, त्याचा क्रॉस (सांधा) जातो आणि चाळीसला अख्खी गाडी गुरगुरायला लागते. स्वस्त रबरं आहेत, तिन्ही एकदम बदला.

---

जुनाट_जीप:

ब्रेक राहिले. पेडल दबत नाही म्हणजे मास्टर किंवा चाकाची सिलिंडर जाम. जुनं ब्रेक फ्लुइड पाणी पितं आणि आतून गंज करतं. मास्टर, मागची दोन्ही व्हील सिलिंडर, पुढच्या कॅलिपरची किट, सगळे रबरी होज, एका हाती. घासून-पुसून वापरायची ही जागा नाही. लोखंडी पाइप क्लिपाखाली गंजतात, क्लिप काढून बघा.

आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवू नका, पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही या गाडीला, कोरड्या रस्त्यावर वळलात की सगळा ताण शाफ्टवर येतो.

---

चिखलप्रेमी:

ठरलं. शनिवारी फ्लॅटबेड सांगितलाय. चेअरमनना म्हटलं झाकून ठेवतो, ते म्हणाले तेल सांडलं तर दंड. नकलचं काम भोरलाच करून आणू का मग?

---

नानापेठी:

पार्किंगच्या टाइलवर करण्यापेक्षा भोरलाच करा हो. सील किट, किंगपिन बेअरिंग आणि शिमचा सेट इथून घेऊन जा, तिथे काही मिळणार नाही. शिम दोन-तीन जाडीच्या घ्या, उरलेल्या परत घेतात.

---

डिझेलधूर:

धागा मस्त चाललाय. मधेच विचारतो, माझ्याकडे महिंद्राची एमएम५४० जीप आहे, प्युजो डिझेल, सकाळी थंडीत स्टार्ट व्हायला फार वेळ घेते, हीटर प्लग चारही नवे टाकले तरी. नंतर दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू.

---

जुनाट_जीप:

प्लगला चालू असताना पूर्ण १२ व्होल्ट पोचतायत का मीटर लावून बघा, बहुतेक वेळा रिले किंवा पट्टीचा जोड गेलेला असतो. ते ठीक असेल तर डिझेल लाइनमध्ये रात्रभरात हवा शिरते का बघा, फिल्टरच्या वरचा वॉशर. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे जिप्सीचं चालू दे.